काळूला कुठून दाबायचं?

९ फेब्रुवारी

आज काळूने हात टेकले. दुपारच्या जेवणाआधी त्याचा विद्युतरोध घसरायला लागला आणि आम्ही डबे उघडेपर्यंत शून्यावर जाऊन बसला. काहीतरी निसटलं असेल म्हणून मी तारा तपासल्या. तारा ठीक होत्या. नमुना जरा उबेला आणला, रोध परत आला. गार केला, गेला. पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी बेटा मुकाट्याने शून्यावर.

या वयात रोजनिशी सुरू करणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर प्रेमात पडलेला. मी दोन्ही नाही. पण हे कुठेतरी लिहायला हवं, आणि प्रयोगशाळेच्या नोंदीत ‘मी खुर्चीभोवती नाचलो’ असं लिहिता येत नाही.

काळू म्हणजे आमचं संयुग. तीन मूलद्रव्यं भट्टीत एकत्र वितळवून वाढवलेला काळसर, चकचकीत, अभ्रकासारखा चपटा स्फटिक. त्याचं खरं नाव म्हणजे एक लांबलचक सूत्र आहे. ते घेता घेता चहा निवतो. धातूच असल्यामुळे त्याच्यातून वीज जाते, पण धक्के खात जाते. ते धक्के म्हणजे रोध. काही धातू खूप गार केले की धक्के साफ बंद होतात, वीज लोण्यातून सुरी जावी तशी जाते. त्याला अतिसंवाहक म्हणायचं. काळू कितीही गार करा, होत नाही. म्हणून मी त्याला दाबायला घेतला. दाबल्यावर अणू जवळ सरकतात. काही संयुगं त्याने सुधारतात, काही होती तीही अतिसंवाहकता घालवून बसतात. आधी सांगता येत नाही. माणसांसारखंच आहे.

११ फेब्रुवारी

बायको दातांची डॉक्टर आहे. तिला सगळं समजावून सांगितलं. दोन हिरे टोकाला टोक लावून धरायचे, मध्ये धातूची चकती, चकतीला सुईच्या अग्राएवढं भोक. त्या भोकात काळूचा खसखशीहून लहान तुकडा, त्याला केसाहून बारीक चार तारा, शेजारी माणकाचा कण, आणि उरलेल्या जागेत तेल. मग स्क्रू आवळायचे. तेल काळूला सगळीकडून सारखं दाबतं. माणकावर लेझर टाकला की तो लाल चमकतो आणि त्या लालीची छटा जितकी सरकेल तितका दाब.

सगळं शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणाली, “म्हणजे जोरात दाबलं की त्याची कुरकुर थांबते. माझ्या पेशंटांचं नेमकं उलटं आहे.”

ठमीला फोन केला. ठमी आमची एकुलती एक. हे नाव पडलं तेव्हा गुटगुटीत होती, आता माझ्यापेक्षा उंच आहे. माझ्याच विषयात, दुसऱ्या शहरात, माझ्यापेक्षा चांगल्या यंत्रावर काम करते. तिन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. तिसरीचा किंचित कमी. फोनवर ती इतकी ओरडली की शेजारच्या खोलीतून बायको धावत आली. मला काळूचे थोडे तुकडे पाठवा, मीही करून बघते, म्हणाली. तिच्याकडे तेलाऐवजी हेलियम भरतात. श्रीमंतांचे चोचले.

४ मार्च

शोधनिबंध पाठवला. ‘दाबाखाली अतिसंवाहकता’ एवढं शीर्षकात ठसठशीत आहे. संचालक बाईंनी बोलावून घेऊन अभिनंदन केलं आणि ऑक्टोबरच्या परिषदेतलं मुख्य व्याख्यान माझं, असं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. आजवर मी दुसऱ्यांच्या शोधांची दशांश चिन्हं पुढे नेत आलो. हा पहिला माझा स्वतःचा.

गारेगारने पाठीवर थाप मारली. गारेगार म्हणजे आमच्या द्रव हेलियमचा कारभार बघणारा अभियंता. सगळा जन्म थंडीशी संसार केल्यामुळे त्याचं खरं नाव कुणाला आठवत नाही. “उंबराला फूल आलं रे,” म्हणाला. त्याला हे कौतुक वाटत असावं.

२७ मार्च

ठमीचा या आठवड्यातला तिसरा फोन. तेल नेमकं कुठलं वापरता? दाब गार करण्याआधी वाढवता की नंतर? तुकडा भोकात आडवा झोपवता की उभा? कितव्या तापमानाला तेल घट्ट होतं, पाहिलंय का? शाळेत असताना एवढे प्रश्न विचारले असतेस तर मास्तरांनी माझ्याकडे तक्रारी केल्या नसत्या, असं मी म्हणालो. ती हसली, पण जरा उशिरा.

मी प्रत्येक गोष्ट नीट समजावली. मुलीला बापाच्या कामाची गोडी लागावी, याहून माणसाला काय हवं? तुझं काय निघालं, असंही विचारलं. अजून जमवाजमव चालली आहे, म्हणाली. नव्या यंत्राचं असंच असतं, पाय रोवायला वेळ लागतो, म्हणून मी धीर दिला.

१६ एप्रिल

आज घरी जरा लवकर आलो. बायको फोनवर म्हणत होती, “पण त्यांना सांगावं तर लागेलच ना गं.” मला पाहिल्यावर तिने फोन ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. भाजी निवडून झालेली होती.

मी काही दुधखुळा नाही. लग्नाच्या वयाची मुलगी, आईशी कुजबुजते, बापाशी बोलताना मधेच गप्प होते, उसासे टाकते. कुणीतरी आहे. कोण आहे, काय करतो, हे यथावकाश कळेल. आपण मनाने तयार असलं पाहिजे. सैद्धांतिक भौतिकीवाला असला तरी मी हो म्हणणार.

१९ एप्रिल

मीच फोन केला. बोलायचं ते आधी पाठ केलं होतं. म्हणालो, “ठमे, तुझ्या मनात जे आहे ते मोकळेपणाने सांग. मी राग धरणारा बाप नाही.”

पलीकडून अगदी बारीक आवाजात, “खरंच रागावणार नाही?”

“अजिबात नाही. मी मनाची सगळी तयारी केली आहे.”

“तुम्हाला कळलंय?”

“बाप आहे मी तुझा.”

ती रडत होती की काय, कळेना. मी येऊनच सांगते, फोनवर नको, असं म्हणाली. बायकोला हे सगळं सांगितलं तर तिने पदर तोंडाशी धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. “तुम्ही थोर आहात,” एवढंच म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच ऐकलं.

६ मे

निबंध छापून आला. कालपासून वेगवेगळ्या देशांतून मेल येताहेत. एकाने ‘देखणं काम’ असं लिहिलंय. ठमीला तो मेल पुढे पाठवला. तिने उत्तरात फक्त एक फूल धाडलं.

२१ मे

सकाळी ठमी आली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. न जाणो, तो बरोबर असायचा. ती एकटीच होती आणि हातात लॅपटॉप. खाणं झाल्यावर समोर बसली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, “बाबा, माझ्याकडे काळू अतिसंवाहक होत नाही.”

मी म्हणालो, “आणि मुलगा?”

“कुठला मुलगा?”

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

मग ठमीने एकेक आलेख दाखवला. मी पाठवलेले तुकडे. माझ्याइतकाच दाब, मग माझ्याहून जास्त, मग त्याहूनही जास्त. रोध खाली येतो, येतो आणि थांबतो. शून्य नाही. शून्याच्या आसपासही नाही. प्रत्येक तुकड्याचं तेच. पहिल्या आलेखावर तारीख मार्चमधली होती.

मी लॅपटॉप मिटला आणि चक्कर मारायला गेलो. यापेक्षा जावई परवडला असता.

२२ मे

मला काही वाटलं नाही. विज्ञानात असं होतंच. आज सुट्टी होती म्हणून स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून पुसली, फळ्यांना नवे कागद लावले, बरण्या उंचीप्रमाणे मांडल्या. बायको म्हणाली, आता माळाही काढा, म्हणजे दुसऱ्याने चूक काढली की घर आपोआप स्वच्छ होतं हे तरी सिद्ध होईल. मी माळा काढला.

२३ मे

आज ठमीची उलटतपासणी घेतली. तारा सैल असतील. तिने त्या दोनदा बदलल्या होत्या. तापमापक खोटं बोलत असेल. तिने दुसरा लावून पाहिला होता. तुकडे प्रवासात खराब झाले असतील. तिने त्यांची रचना क्ष-किरणांनी आधी आणि नंतर तपासली होती. माणिक? तेही. मी एकेक दार उघडायचो आणि प्रत्येक दाराआड ती आधीच उभी असायची. एवढं स्वतःलाच खोटं ठरवायचा प्रयत्न करणारा संशोधक मी कधी पाहिला नाही. तिच्या गाइडने चांगलं शिकवलं आहे.

शेवटी माझे प्रश्न संपले. मग ती हळूच म्हणाली, “बाबा, तुमचं तेल गोठतं.”

“सगळ्यांचंच गोठतं.”

“हो. पण गोठलं की ते तेल उरत नाही, दगड होतो. मग सगळीकडून सारखं कसं दाबेल? हिरे वरून आणि खालून येतात. तुमचा चपटा काळू वरून-खालून जास्त दाबला जातोय आणि कडांनी कमी. माझं हेलियम गोठलं तरी मऊ राहतं. माझ्याकडे दाब सगळीकडून सारखाच.”

ही गोष्ट मला माहीत होती. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ती शिकवली आहे. शिकवून झालं की आपण ती खिशात ठेवतो आणि विसरतो.

२४ मे

आज एक गोष्ट झाली, ती जशीच्या तशी लिहितो.

गॅलरीत दोघंच होतो. ठमी म्हणाली, माझा निष्कर्ष अजून माझ्या गाइडखेरीज कुणाला माहीत नाही. घाई नाही. तुमचं ऑक्टोबरचं व्याख्यान होऊ दे. निवृत्तीही होऊ दे. तोवर मी हे दाबून ठेवते.

मी लगेच नाही म्हणालो नाही. हे लिहायला हवं. मला परिषदेचं सभागृह दिसलं, पहिल्या रांगेतले लोक दिसले, टाळ्यासुद्धा ऐकू आल्या. एक वर्ष. एका वर्षाने कुणाचं काय बिघडणार होतं? नंतर कुणीतरी चूक काढली असती, तोवर मी घरी बसून बरण्या पुसत असतो. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि ती हो म्हणाली. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

बायकोला सांगितलं. ती दवाखान्यात निघाली होती, चपला घालत होती. म्हणाली, “कीड लागलेला दात वरून भरून दिला की पेशंट हसत घरी जातो. सहा महिन्यांनी येतो तेव्हा तोंड धरून येतो. पण तुम्ही बघा. तुमचा दात आहे.” आणि गेली.

संध्याकाळी ठमी सामान भरत होती. तिला म्हणालो, “आपल्या घरात काळू सोडून कुणालाही दाबून ठेवायचं नाही. बॅग रिकामी कर. रजा वाढव. आपण बघू या, त्याला नक्की कुठून दाबलेलं आवडतं.”

ती बॅगेवर बसून रडली. रडता रडता तिचं डोकं चालू होतं हे मात्र दिसत होतं, कारण डोळे पुसायच्या आत तिने विचारलं, तुमच्याकडे जुना शिकंजा आहे ना?

२६ मे

शिकंजा सापडला. दोन सपाट पट्ट्या आणि मधे स्क्रू, बस्स. तेल नाही, हेलियम नाही, हिरेही नाहीत. कल्पना ठमीची: काळूला मुद्दामच फक्त वरून-खालून दाबायचं, कडा मोकळ्या सोडायच्या. तिचं म्हणणं खरं असेल तर तो हिऱ्यांमधल्यापेक्षा कितीतरी कमी दाबात वश व्हायला हवा. खोटं असेल तर माझं तेल निर्दोष, आणि मग तिच्याकडे शून्य का नाही हे कोडंच.

म्हणजे आज मी मनातून कुणाच्या बाजूने होतो? खरं सांगायचं तर सकाळी माझ्या, दुपारी तिच्या. मधल्या वेळात तुकडा फुटला. स्क्रू मी आवळत होतो. ठमीने हातातून पाना तेवढा काढून घेतला.

२७ मे

दुसराही फुटला. या वेळी पाना तिच्या हातात होता. मला वाईट वाटलं नाही.

३० मे

गारेगारने हेलियम द्यायला खळखळ केली. महिन्याचा वाटा संपलाय म्हणे. ठमीने त्याला काका म्हटलं, शेजारी बसली आणि काय करतोय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग मला विचारलं, “म्हणजे पोरगी तुला खोटं पाडायला निघाली आहे आणि तू तिला मदत करतोयस?” मी हो म्हणालो. तो म्हणाला, “मग मलाही बघायचंय.” हेलियम मिळालं.

१ जून

झालं.

तुकडा नीट बसला होता. स्क्रू जेमतेम आवळला होता. हिऱ्यांमध्ये जेवढा दाब देतो त्याच्या पासंगालाही न पुरणारा. गार करत गेलो. ठमी पडद्याकडे बघत होती, मी ठमीकडे, गारेगार घड्याळाकडे, कारण त्याला जेवायला जायचं होतं. रेषा सरळ चालली होती. मग तिने मान खाली घातली आणि कड्यावरून उडी मारावी तशी शून्यावर गेली.

ठमीने स्क्रू सैल केला, रोध परत आला. आवळला, गेला. मग तिने दुसरा, जाड तुकडा काठावर उभा करून तसाच दाबला. काहीही नाही. काळू ढिम्म.

म्हणजे काळू नुसत्या दाबाने अतिसंवाहक होत नाही. एका विशिष्ट दिशेने, माथ्यावरून दाबला तरच होतो. सगळीकडून सारखा दाबला तर हटून बसतो. माझ्या गोठलेल्या तेलाने न सांगता तेच केलं होतं. तिचं मोजमाप बरोबर. माझं मोजमाप बरोबर. माझं शीर्षक चूक.

गारेगार म्हणाला, “मग खोटं कोण पडलं?”

“तेल,” ठमी म्हणाली.

मग तो जेवायला गेला आणि आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसून राहिलो. तिला विचारलं, मार्चपासून कशी काय गप्प बसलीस? म्हणाली, “तुम्ही बरोबर असाल असा एखादा रस्ता शोधत होते. सापडायला वेळ लागला.”

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. सुचलं ते हे, की चल, डबा खाऊ या. खाल्ला.

१८ जुलै

ठमी परत गेली आहे. रोज फोन असतो. आज भांडण झालं, कारण तिला नव्या निबंधात पहिल्या निबंधाचा उल्लेख ‘महत्त्वाचं पूर्वकार्य’ असा हवाय आणि मला ‘अपुरं विधान’ असा. बायको म्हणाली, आपल्याकडे वडील मुलीच्या बाजूने आणि मुलगी वडिलांच्या बाजूने भांडते, हे बाहेर सांगू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही.

संचालक बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं की व्याख्यान जाईल. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, वेळ तेवढाच पुरेल ना, की आता दोघांना जास्त लागेल?

९ ऑक्टोबर

व्याख्यान झालं. अर्धं माझं, अर्धं ठमीचं. मी तेलाबद्दल बोललो, ती हेलियमबद्दल, शिकंज्याचा आलेख आला तेव्हा मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. मला वाटलं चालले. ते नीट दिसावं म्हणून उभे राहिले होते.

प्रश्नांच्या वेळी एक तरुण संशोधक उठला आणि त्याने विचारलं, म्हणजे मे महिन्यात छापलेला निष्कर्ष चुकीचा होता, असं समजायचं का? आपल्याला इथे घाम फुटेल असं मला कैक महिने वाटत आलं होतं. फुटला नाही.

मी म्हणालो, “पाहिलं ते बरोबर होतं. म्हटलं ते चूक होतं.”

ठमीने माझ्यापुढचा माइक ओढून घेतला. “आणि पाहिलंच नसतं,” ती म्हणाली, “तर आम्ही दुरुस्त काय केलं असतं?”

तो तरुण हसून खाली बसला. नंतर चहाच्या वेळी तो ठमीशी बराच वेळ बोलत होता. दाबाच्या दिशेबद्दलच असणार. सैद्धांतिक भौतिकीवाला आहे, असं कळलं.

३ डिसेंबर

निबंध स्वीकारला गेला. लेखकांत पहिलं नाव कुणाचं यावरून आमची दोन महिने ओढाताण चालली होती. मी तिचं पहिलं लिहून पाठवायचो, ती माझं पहिलं करून परत धाडायची. शेवटी बायकोने कागद बघितला आणि म्हणाली, तुम्ही दोघं शास्त्रज्ञ ना? नियतकालिकात नावाचं फक्त पहिलं अक्षर आणि पुढे आडनाव छापतात. तुमचं आडनाव एक, पहिलं अक्षरही एक. कुणाचंही पहिलं टाका, वाचणाऱ्याला काय कळणार आहे? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. खरंच लक्षात आलं नव्हतं.

आज संपादकांच्या कार्यालयातून विचारणा आली. अतिशय नम्र होती. लेखकांच्या यादीत एकच नाव चुकून दोनदा आलेलं दिसतं, तरी छापण्यापूर्वी एक काढून टाकावं का?

मी लगेच उत्तर लिहिलं. काढू नये. ही दोन वेगळी माणसं आहेत. दोघांनी स्वतंत्रपणे तपासून पाहिलं आहे.